हाड जुळलं, तरी हात का जळतो?



वसमत, कळमनुरीकडं हळदीची काढणी चालू असते. एखादी बाई बांधावरून घसरते, मनगट मोडतं. प्लास्टर निघतं, एक्स-रेत हाड जुळलेलं दिसतं. पण हात निखाऱ्यावर धरल्यासारखा जळतो. नुसता पदर लागला तरी कळ येते. हात सुजतो, कधी लाल तर कधी निळसर होतो, कधी गरम तर कधी गार लागतो, बोटं आखडतात. घरचे म्हणतात, "हाड तर जुळलं, आता कसलं दुखणं? कामाचा कंटाळा!"

हा कंटाळा नव्हे, आजार आहे. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात जखमी शिपायांची अशीच जळजळ डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी पाहिली नि लिहून ठेवली. १९९४ साली या दुखण्याला 'कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम' असं नाव मिळालं.

यात होतं काय? वेदना म्हणजे शरीराचा राखणदार. इथं चोर निघून गेला तरी राखणदार ओरडतच राहतो. पुढंपुढं पान हललं तरी ओरडतो. मज्जातंतू आणि मेंदू फाजील सावध झालेले असतात. म्हणून दुखलं की दर वेळी नवी इजा झाली, असं समजू नये.

मग करायचं काय? हात झोळीत बांधून ठेवू नका. न हलवल्यानं तो जास्तच आखडतो. जोरानं चोळणं, ओढणं, चटके देणं हेही नको. डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्या सल्ल्यानं बोटं थोडी थोडी, पण रोज हलवावीत. आधी कापूस, मग मऊ फडकं, मग खरखरीत कापड असा स्पर्श सवयीचा करावा. आरशात चांगल्या हाताची हालचाल पाहत व्यायाम करण्याचाही उपयोग होतो. जोडीला औषधं असतात. उपचार जितका लवकर, तितका गुण चांगला. बरेच जण सुधारतात, मात्र महिने लागतात.

एक खबरदारी घ्या. प्लास्टरमध्ये बोटं बधिर वा निळी पडली, दुखणं असह्य झालं, किंवा सुजेबरोबर ताप आला, तर थांबू नका. लगेच दवाखाना गाठा.

गुरुजींनो, हा आजार मुलांनाही होतो, त्यातही वयात येणाऱ्या मुलींना अधिक. पाय मुरगळल्यावर महिना उलटला तरी मुलगी पाय टेकवत नसेल, तर तिला ढोंगी म्हणू नका, पालकांना बोलवा. मुलं व्यायामानं बहुधा चांगली बरी होतात. त्यासाठी आधी तिच्या दुखण्यावर कुणीतरी विश्वास ठेवायला हवा.