पासवर्ड विचारण्याआधीच

तारापूर एमआयडीसीतल्या रसायन कारखान्यात डिरेक्टरी सर्व्हरला पॅच लावायचा, तर पहिला फोन शिफ्ट इन्चार्जला जातो. ‘साहेब, थोडा वेळ वजनकाट्यावर टँकर घेऊ नका, लॉगिन बंद राहील.’ एसीने गारठलेल्या छोट्या खोलीत मी आयटीवाल्याच्या शेजारी बसलो होतो. कोणाचं खातं, काय पासवर्ड, कुणाला काय उघडायची मुभा, हे सगळं याच सर्व्हरवर. वजनकाटा, गेटपास, लॅब सगळे त्यालाच विचारतात. त्यामुळे समोरचा कोण हे कळण्याआधीच सर्व्हरला त्याचं म्हणणं वाचून घ्यावं लागतं. गोम तिथेच आहे.

विंडोजमध्ये हे काम एलएसएएसएस ही सेवा करते. २००४ साली जाहीर झालेली तिच्यातली चूक अगदी फालतू जागी होती. साध्या सर्व्हरचा डोमेन कंट्रोलर, म्हणजे असाच डिरेक्टरी सर्व्हर, करताना काय घडलं, याची लॉग फाइल लिहिणारं एक फंक्शन होतं. आलेला मजकूर ठरावीक जागेत उतरवताना ते त्याची लांबीच मोजत नव्हतं. टाकी भरून वाहिली तर ॲसिड निदान भोवतीच्या बांधात, डाइकमध्ये, साचतं. इथे जादा बाइट शेजारच्या मेमरीवर चढतात, आणि तिथे असतो काम संपल्यावर कुठे परतायचं तो पत्ता. तो बदलला की मशीन परक्याचं ऐकू लागतं, तेही सर्वाधिकारानिशी. मायक्रोसॉफ्टने १३ एप्रिलला पॅच दिला. महिनाअखेरीस एका जर्मन विद्यार्थ्याने लिहिलेला, याच चुकीतून शिरणारा सॅसर वर्म सुटला. कुणी काही क्लिक न करताच पॅच नसलेले संगणक ६० सेकंद मोजून रीस्टार्ट होऊ लागले.

‘चालतंय ना, मग कशाला हात लावता?’ हा प्रश्न तरीही दर वेळी येतोच.

या कारखान्यात असे कंट्रोलर दोन. आधी बॅकअप, मग दोघांमधलं रेप्लिकेशन नीट चालू आहे ना ते बघायचं, मग दुय्यम सर्व्हर रीबूट. तो वर आल्याशिवाय मुख्याला हात नाही. प्लांटचं डीसीएस, म्हणजे प्रक्रिया चालवणारी नियंत्रण यंत्रणा, या नेटवर्कपासून तोडलेलं आहे, हे बरंच. तारापूर अणुकेंद्र चालवणाऱ्या एनपीसीआयएलने २०१९ साली कुडनकुलम अणुकेंद्राच्या प्रशासकीय नेटवर्कवरच्या संगणकात मालवेअर सापडल्याचं मान्य केलं होतं. नियंत्रण यंत्रणा वेगळी असल्याने तिला धक्का लागला नाही, असं तेव्हा सांगितलं गेलं.

दोन्ही सर्व्हर वर आले, तरी काट्यावरचा जुना पीसी लॉगिन घेईना. पॅचचा दोष नव्हता. त्याचा सेल संपलेला, घड्याळ मागे पडलेलं. पाच मिनिटांहून जास्त फरक असला की लॉगिन तपासणारं कर्बेरॉस दाद देत नाही. वेळ लावून दिली आणि टँकर काट्यावर चढला.