शीड आणि ताडपत्री : शब्द जुना, कापड नवे

शिरूर आणि दौंड हे तालुके समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेत वसलेले आहेत. घोड आणि भीमा या नद्यांच्या या प्रदेशात शीड ही नित्य दृष्टीस पडणारी वस्तू नव्हे. तथापि शिडाचे एक भावंड येथे सर्वत्र नांदत असते. काढून ठेवलेल्या कांद्यावर, गुऱ्हाळाच्या आवारात, ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर आणि मालमोटारींवर पसरलेली ताडपत्री हेच ते भावंड होय. ऊन, वारा आणि पाणी यांना तोंड देणे हे दोहोंचेही काम. म्हणून त्यांच्या निगेचा विचार एकत्र करणे उपयुक्त ठरते.

'ताडपत्री' हा शब्द दिसावयास अस्सल देशी आहे. परंतु ताडाच्या पानाशी त्याचा संबंध नाही. इंग्रजी 'टारपॉलिन' या शब्दाचे हे मराठी रूप होय. 'टार' म्हणजे डांबर, आणि उत्तरपदाचा अर्थ बहुधा आच्छादन असा केला जातो. जहाजावरील माल झाकण्यासाठी डांबर चोपडलेले जाड कापड वापरीत, त्याचे हे नाव. परका शब्द तोंडी रुळताना ओळखीच्या शब्दांचा आकार घेतो. त्या न्यायाने 'टारपॉलिन'मध्ये ताड आणि पत्र दिसू लागले. अशा रीतीने समुद्रावरचा शब्द घाटमाथा ओलांडून कांद्याच्या ढिगावर येऊन बसला.

ज्या काळी हा शब्द आला, त्या काळचे कापड सुती किंवा तागाचे होते. अशा धाग्यांचा मुख्य घटक सेल्युलोज. तो बुरशीचे अन्न होय. ओले कापड घडी घालून ठेवले की बुरशी धरते आणि काही काळाने ते कुजून हाताने फाटू लागते. म्हणून कापडाला डांबर, तेल किंवा मेण लावीत. शिडे व जाळी झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवीत. युरोपातील कोळी याच कामासाठी काथ वापरीत. विड्यात पडणारा हाच तो काथ. त्यातील तुरट द्रव्य बुरशीस आवर घालते. अशा कापडाचा पहिला शत्रू ओल होता. साहजिकच 'उन्हात कडकडीत वाळवून मग घडी घालावी' हा नियम रूढ झाला, आणि तो योग्यच होता.

पुढे कापड बदलले. ब्रिटनमध्ये १९४१ साली विनफील्ड आणि डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा धागा सिद्ध केला. १९५३ साली जर्मनीत कार्ल झिग्लर यांच्या प्रयोगशाळेत उच्च घनतेचे पॉलिथिलीन तयार करण्याची सुलभ रीत सापडली. आजची बहुसंख्य शिडे पहिल्याची, तर बाजारातील हलक्या, चकचकीत ताडपत्र्या दुसऱ्याच्या असतात. हे पदार्थ पाणी जवळजवळ शोषीत नाहीत, आणि बुरशीला त्यांत अन्न मिळत नाही. त्यांचा पहिला शत्रू सूर्य होय. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण आणि हवेतील प्राणवायू यांच्या संयुक्त क्रियेने या पदार्थांच्या लांब रेणुसाखळ्या तुटतात. प्रथम चमक जाते, मग कापड ठिसूळ होते, आणि शेवटी घडीच्या रेषेवर चिरा पडतात.

येथेच खरी अडचण उद्भवते. शब्द तोच राहिला, पण त्याखालची वस्तू पालटली. आणि शब्दाबरोबर जुनी सवयही राहिली. जुन्या कापडाला तारणारे ऊनच नव्याला मारते. शिरूर-दौंडच्या वैशाखात धुतलेली ताडपत्री दिवसेंदिवस उन्हात पसरून ठेवणारा माणूस निष्काळजी नसतो. तो आजोबांचा नियम प्रामाणिकपणे पाळीत असतो. मात्र ऐन वळिवात कांदा भिजतो, तेव्हा त्या नियमाची किंमत कळते.

फळीवर उभे राहून हातातील शिडाने वारा पकडण्याचा जो खेळ 'विंडसर्फिंग' म्हणून ओळखला जातो, त्याच्या शिडात हे सर्व अधिक तीव्रतेने प्रत्ययास येते. या साधनाच्या पेटंटसाठी अमेरिकेत ड्रेक आणि श्वाइट्झर यांनी १९६८ साली अर्ज केला. १९८४ साली हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. त्याच्या शिडाचा बराचसा भाग पॉलिएस्टरच्या पारदर्शक पापुद्र्याचा असतो. त्याला घडी पडली की तेथेच पुढे चीर जाते. यास्तव असे शीड घडी न घालता वरच्या टोकापासून खाली गुंडाळावे, आणि आतील आडव्या पट्ट्या गुंडाळीला समांतर ठेवाव्यात. धुण्यासाठी गोडे पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडके पुरेत. राठ ब्रश व रासायनिक द्रावणे वर्ज्य करावीत. वाळवणे ते सावलीत, वाऱ्यावर. किनाऱ्यावर उभे शीड फडफडत ठेवू नये. फडफडीने शिवण सैल होते आणि पापुद्रा थकतो. लहान चीर दिसताच जागा स्वच्छ व कोरडी करून दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावावी, आणि पट्टीचे कोपरे गोल कापावेत, म्हणजे ते उचकटत नाहीत.

समुद्रावर मिठाचे कण शिवणीत व डोलकाठीच्या सांध्यात बसतात. दौंड तालुक्यापर्यंत पोहोचणारे उजनीचे फुगवट्याचे पाणी किंवा शिरूर तालुक्यातील चिंचणीचा घोड जलाशय येथे मिठाची भीती नाही. मीठाची जागा गाळ घेतो. डोलकाठी ज्या खोळीत शिरते, तीत गाळ व वाळू राहिल्यास प्रत्येक वेळी आतून घासले जाते. म्हणून खोळ आतूनही धुवावी.

ताडपत्रीलाही हेच नियम थोड्या फरकाने लागू पडतात. प्रथम हाती काय आहे ते पाहावे. ती जड, पाणी शोषणारी आणि धागेदार असेल तर सुती. तिला ऊन दाखवून पूर्ण कोरडी करावी. हलकी आणि कुरकुरणारी असेल तर प्लास्टिकची. ती धुऊन सावलीत वाळवावी, शक्यतो गुंडाळून अंधाऱ्या जागी, उंदरांपासून दूर ठेवावी, आणि घडी घालावीच लागली तर दर वेळी जागा बदलावी. बांधताना ती ताणून बांधावी, आणि टोकदार कोपऱ्याखाली जुने पोते घालावे.

शब्द सहसा वस्तूपेक्षा दीर्घायुषी असतात. वस्तू बदलली तरी शब्द ते सांगत नाही. ते ओळखण्याचे काम वापरणाऱ्याच्या बोटांनी करावयाचे असते.