श्वासाचा जोर मोजणारी नळी

हातात मावेल एवढा दाबमापक, तोंडात धरायची नळी आणि नाकाला चिमटा. सुई नाही, रक्त नाही. मूल छाती रिकामी होईपर्यंत श्वास सोडतं आणि मग बंद नळीतून सगळा जोर लावून ओढतं. दुसऱ्या चाचणीत छाती भरून घ्यायची आणि फुंकायचं. शेजारी उभं राहून "ओढ, ओढ, अजून ओढ!" असं ओरडावंच लागतं. मूल बुजलं तर आकडा खाली येतो, स्नायू कितीही धड असले तरी.

या बंद नळीलाही सुमारे २ मिलिमीटरचं भोक असतं. १९६९ साली ब्लॅक आणि हायट या अमेरिकी संशोधकांनी रूढ केलेली ही युक्ती मला फार आवडते. नुसत्या गालांनी चोखूनही दाब तयार होतो. पण भोकातून हवा झिरपत राहिली की गालांचा जोर टिकत नाही. उरतो तो श्वासपटलाचा आणि बरगड्यांमधल्या स्नायूंचा.

स्पायरोमीटर हवा किती आणि किती वेगानं येते ते सांगतो. स्नायू बरेच दुबळे होईपर्यंत त्याचे आकडे ठीक दिसू शकतात. ड्यूशेनसारख्या स्नायूंच्या आजारात म्हणूनच हा दाब बघतात.

पण दाब कमी म्हणजे कशापेक्षा कमी? १९८४ साली ब्रिटनमध्ये ७ ते १७ वर्षांच्या निरोगी गोऱ्या मुलांचे दाब मोजले गेले. ओढण्याचा सरासरी दाब मुलग्यांत ७५ आणि मुलींत ६३ सेंटिमीटर पाणी निघाला. म्हणजे मुलगा उभ्या नळीतून पाणी पाऊण मीटर वर ओढू शकेल. मात्र मुलग्यांतलं प्रमाण विचलन २३ होतं. ५५ भरलेला मुलगाही ठणठणीत असू शकतो.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी, ठाकर, कातकरी या आदिवासी समाजांतल्या मुलांना हे आकडे लावणं मला पटत नाही. त्यांची उंची-वजनं वेगळी, चढणीची सवय वेगळी. काही घरांत चुलीचा धूर आहे. कुपोषणात श्वासाचे स्नायूही झिजतात. त्यामुळे आधी इथल्याच धडधाकट मुलांचे दाब वय, उंची आणि वजनासह नोंदवायला हवेत. घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्पाच्या आश्रमशाळा त्यासाठी योग्य जागा आहेत. फक्त घाई नको. मधे विश्रांती देत, जवळपास जुळणारे तीन आकडे मिळेपर्यंत थांबायचं आणि प्रत्येक मुलाला तोंडात धरायला स्वतंत्र नळी द्यायची.