घोड्याच्या अडीच घरांचं कोडं

बुद्धिबळाच्या रिकाम्या पटावर एका कोपऱ्यात घोडा ठेवा. अडीच घरांच्या चालीनं त्यानं चौसष्टही घरं फिरायची, कुठल्याही घरात दुसऱ्यांदा जायचं नाही आणि फेरी कर्णाच्या दुसऱ्या टोकाच्या कोपऱ्यात संपवायची. जमेल?

नाही जमणार, आणि हे ठरवायला एकही चाल खेळावी लागत नाही. घोडा दर चालीला रंग बदलतो. काळ्या घरातून निघाला की पांढऱ्यात पडतो, पांढऱ्यातून काळ्यात. ६४ घरांना ६३ चाली लागतात. ६३ विषम आहे, म्हणून शेवटचं घर पहिल्याच्या उलट रंगाचंच येणार. कर्णाच्या दोन्ही टोकांचे कोपरे मात्र एकाच रंगाचे असतात.

शेवटच्या घराची ही अट काढली, की फेरीला असंख्य वाटा फुटतात. घोडा जिथून निघाला तिथे पुढच्या चालीत परतू शकेल अशा, म्हणजे बंद फेऱ्याच १,३२,६७,३६,४४,१०,५३२ आहेत. त्यात एकच फेरी उलट दिशेनं चालली तर ती वेगळी धरलेली नाही.

हे कोडं आपल्याकडे फार जुनं आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या रुद्रटानं ‘काव्यालंकार’ ग्रंथात ‘तुरगपद’ नावाचा चित्रबंध दिला. श्लोकाचे चार चरण, प्रत्येकी आठ अक्षरं. म्हणजे अर्ध्या पटाची ३२ घरं. घोड्याच्या चालीनं अक्षरं उचलत गेलं तरी पुन्हा श्लोकच वाचायला मिळतो! गणित आणि काव्य एकाच चौकटीत बसवण्याची ही करामत थक्क करणारी आहे.

सतराव्या शतकात काशीच्या नीलकंठ भट्टांनी ‘भगवंतभास्कर’ रचला. त्याच्या बारा मयूखांपैकी ‘नीतिमयूख’मध्ये बुद्धिबळाचं वर्णन आहे आणि घोड्याच्या फेऱ्याही आहेत. हे भट्ट घराणं मूळचं पैठणचं. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले. नीलकंठ त्यांच्या वडिलांचे चुलतभाऊ.

नीलकंठांच्याच ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाला इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनी गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात हिंदू वारसा कायद्याचा प्रमुख आधार मानलं. ‘मिताक्षरा’ या धर्मशास्त्रावरच्या दुसऱ्या ग्रंथाशी मतभेद झाला, तर या भागात मयूखाचा शब्द वरचढ. १९५६ चा हिंदू वारसा कायदा येईपर्यंत पालघर तालुक्यातल्या माकुणसारसारख्या गावांतल्या हिंदू घरांचे वारसाहक्काचे वाद याच परंपरेत मोडत. ज्या पंडिताच्या ग्रंथावर घरादाराच्या वाटण्या ठरल्या, त्यानं पटावरच्या घोड्याचाही तितकाच मनापासून विचार केला होता, हे माकुणसारच्या मुलांना शाळेत जरूर सांगावं.

युरोपात थोर गणिती ऑयलर यांनी १७५९ मध्ये या फेरीचा पद्धतशीर अभ्यास मांडला. पुढे १८२३ मध्ये वार्न्सडॉर्फ यांनी सोपा नियम दिला : जिथून पुढे जायला सर्वांत कमी वाटा उरल्या आहेत, त्या घरात आधी जा. मधल्या घरातून घोड्याला आठ वाटा असतात, कोपऱ्यातून फक्त दोन. अडचणीची घरं आधी उरकली नाहीत, तर ती मागे एकटी पडतात आणि फेरी अडते. हा नियम पाळून साध्या पटावर हातानंही फेरी बहुधा पुरी होते.

मुलांना सुरुवातीला पाच बाय पाचचा पट आखून द्यावा. त्यात २५ घरं; कोपऱ्याच्या रंगाची १३, दुसऱ्या रंगाची १२. रंग आलटूनपालटून येत असल्यानं फेरी सुरू आणि शेवट दोन्ही १३ वाल्या रंगावरच व्हायला हवेत. म्हणून कोपऱ्याला चिकटलेल्या घरातून निघालेली फेरी कधीच पुरी होत नाही, कोपऱ्यातून निघालेली होऊ शकते. आणि बंद फेरी? तीही या पटावर अशक्य, कारण शेवटचं घर पहिल्याच्याच रंगाचं येतं आणि तिथून घोडा एका चालीत घरी परतू शकत नाही. हे कारण मुलांनी स्वतः शोधून काढलं, तर गणितातली सिद्धता काय असते ते त्यांना कळलंच म्हणायचं.