कलावंत कोणाला म्हणावे?

आमच्या हाऊसमध्ये 'कलाकार' हा शब्द रोज ऐकू येतो, पण तो कौतुकाने वापरलेला नसतो. प्रेपच्या वेळी पुस्तकाआड झोप काढणारा 'कलाकार', मेसमध्ये दुसरा गुलाबजाम मिळवणारा 'बडा कलाकार'. आणि ज्याला खरोखर चित्र काढता येते किंवा गाता येते, तो 'आर्टिस्टिक टाइप'. म्हणजे हा क्रॉसकंट्रीत मागे राहणार, असे सगळे गृहीत धरतात. मी या शेवटच्या प्रकारात मोडत होतो. आता बारावीत आहे आणि शाळा सोडायला थोडेच महिने उरले आहेत. मराठी पानासाठी काही लिही असे सरांनी सांगितले, तेव्हा ठरवले की चार वर्षे डोक्यात घोळणारा प्रश्नच मांडावा. कलावंत असणे म्हणजे नेमके काय?

नववीत मी इथे आलो. त्याआधी गावाकडे आठवीत एलिमेंटरी ड्रॉइंगची परीक्षा दिली होती आणि 'ए' श्रेणी मिळवली होती. निघताना आईने ट्रंकेत कपड्यांच्या खाली रंगपेटी ठेवली. बाबांनी ती पाहिली, पण काही बोलले नाहीत. ज्याचा हात चांगला तो कलावंत, अशी तेव्हा माझी साधी समजूत होती. माझा हात चांगला होता, म्हणून मी कलावंत होतो.

ही समजूत पहिल्याच हिवाळ्यात एन.सी.सी.च्या शिबिरात मोडली. उस्तादांनी आम्हाला एका टेकडीवर बसवले आणि समोरचा भूभाग दाखवून वीस मिनिटांत त्याचे फील्ड स्केच काढायला सांगितले. अट अशी होती की आपला कागद दुसऱ्या सेक्शनला मिळणार. त्या सेक्शनने ती जागा आधी पाहिलेली नसणार. कागद पाहूनच त्यांनी एका ठरावीक झाडाखाली ठेवलेला डबा शोधून आणायचा.

मी अगदी रंगून गेलो. डोंगराची उतरण, पायऱ्यापायऱ्यांची शेते, दरीतले धुके, चरणाऱ्या दोन शेळ्या, सगळे कागदावर उतरवले. शेजारी बसलेल्या माझ्या बडीने चार वाकड्या रेषा ओढल्या होत्या. त्याची झाडे म्हणजे काठीवर ठेवलेले त्रिकोण, आणि वर सगळीकडे काहीतरी लिहिलेले. मला मनात हसू आले.

उस्तादांनी माझा कागद बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "तस्वीर बहुत अच्छी है, बेटा. पर मेरा पेड़ कहाँ है?"

झाड कागदावर होते. पण चित्राचा तोल साधावा म्हणून मी ते थोडे डावीकडे सरकवले होते. त्याचा शेंडा मोडलेला होता. तो बरा दिसेना, म्हणून पुरा करून टाकला होता. माझा कागद घेऊन निघालेला सेक्शन चुकीच्या घळीत उतरला आणि ऊन उतरल्यावर रिकाम्या हातांनी परतला. बडीचा कागद घेतलेली मुले कधीच डबा घेऊन आली होती. आमच्या सेक्शनचा लीडर चिखलाने माखलेला होता. कोणी रागावले नाही. त्याने कागदाची नीट घडी घातली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "इसे फ्रेम करवा लेना."

मी रंगपेटी ट्रंकेच्या तळाशी टाकली. पुढे जवळजवळ वर्षभर एकही चित्र काढले नाही.

फील्ड स्केच म्हणजे काय, हे मी नंतर नीट शिकलो. आधी क्षितिजाची रेषा काढायची, मग डोंगरांच्या मुख्य धारा. मग ज्या गोष्टी लांबूनही ओळखू येतील अशा थोड्या खुणा घ्यायच्या. एकटे झाड, देवळाचा कळस, रस्त्याचे वळण, पूल. त्यांच्यातले अंतर हात ताठ धरून पट्टीने मोजायचे. जवळच्या रेषा ठळक, दूरच्या फिकट. खुणेच्या वर तिचे नाव, दिशा आणि अंदाजे अंतर लिहायचे. आपण कुठे बसून पाहिले, उत्तर कुठे, तारीख आणि वेळ कोणती, हे सगळे टिपायचे. बाकीचे सोडून द्यायचे. शेळ्या सोडायच्या, कारण त्या अर्ध्या तासाने तिथे नसतात.

यातली एक गोष्ट मला फार दिवस खटकत होती. अशा स्केचमध्ये उंची मुद्दाम वाढवून, बरेचदा दुप्पट, दाखवतात. कारण दूरचे डोंगर खऱ्या मापाने काढले तर कागदावर चपटे होतात आणि एक धार दुसरीपासून वेगळी ओळखू येत नाही. मग मी झाड सरकवले ती चूक, आणि डोंगर दुप्पट उंच काढला ते बरोबर, असे कसे? उत्तर पुष्कळ उशिरा सापडले. डोंगर वाढवला तो कागद वाचणाऱ्याला खरी जमीन ओळखता यावी म्हणून. झाड सरकवले ते मला शाबासकी मिळावी म्हणून. बदल दोघांनीही केला होता, पण एकाचे लक्ष पाहणाऱ्यावर होते आणि दुसऱ्याचे स्वतःवर.

दहावीत आमच्या कलेच्या मॅडमनी मला पुन्हा वर्गात बसवले. मी माझाच ड्रिलचा बूट समोर ठेवला आणि पेन्सिल उचलली. त्या म्हणाल्या, आधी दहा मिनिटे नुसता बघ. पाच मिनिटांत मला कंटाळा आला. सातव्या मिनिटाला दिसले की डाव्या बुटाची टाच फक्त बाहेरच्या बाजूने झिजली आहे. वर्षभर तो बूट मी रोज पॉलिश करत होतो आणि हे मला माहीत नव्हते! ड्रिलचे उस्ताद 'एड़ी, एड़ी' म्हणून का ओरडतात, ते त्या दिवशी समजले.

मित्रांनो, एन.सी.सी.त आपल्याला 'चीज़ें क्यों नज़र आती हैं' हा धडा असतो. आकार, सावली, आकाशापुढे उठून दिसणारी आकृती, पृष्ठभाग, चमक, दोन वस्तूंमधले अंतर, हालचाल. आपण ही यादी परीक्षेसाठी घोकतो. पण हालचाल वगळली तर चित्रकलेच्या वर्गात हीच यादी शिकवतात. वस्तू डोळ्याला कशी दिसते हे ज्याला कळले, त्याला ती दाखवता येते आणि लपवताही येते. म्हणूनच १९१५ मध्ये फ्रेंच सैन्याने तोफा आणि ठाणी लपवण्यासाठी जी खास तुकडी उभारली, तिच्यात चित्रकारांना घेतले. १९१७ मध्ये नॉर्मन विल्किन्सन या समुद्रचित्रे काढणाऱ्या ब्रिटिश चित्रकाराने जहाजांवर उलटसुलट काळेपांढरे पट्टे रंगवण्याची कल्पना मांडली. समुद्रात जहाज लपत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्यामुळे लपवण्याचा नाद त्याने सोडला. शत्रूच्या पाणबुडीला जहाजाची दिशा आणि वेग यांचा अंदाज चुकीचा लागावा, एवढाच त्याचा उद्देश होता. हे नुसत्या चांगल्या हाताचे काम नाही. त्यासाठी समोरच्याचा डोळा ओळखावा लागतो.

अकरावीत प्रजासत्ताक दिनाच्या फलकावर परमवीर चक्राचे मोठे चित्र काढायचे काम माझ्याकडे आले. पुस्तकातला फोटो पाहून मी निराश झालो. सर्वांत मोठ्या शौर्याचे पदक आणि इतके साधे? कांस्य धातूची जेमतेम साडेतीन सेंटिमीटर व्यासाची चकती. मध्ये राजमुद्रा, भोवती चार वज्रे. मागे पदकाचे नाव आणि कमळे. वर एकरंगी जांभळी फीत. मी सोनेरी रंग काढला आणि कडेने वेलबुट्टी काढायला घेतली.

तेवढ्यात पदक कोणी घडवले ते वाचनात आले. सावित्रीबाई खानोलकर. जन्म १९१३, स्वित्झर्लंडमधल्या नशातेल गावी. वडील हंगेरियन, आई रशियन. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह करण्यासाठी त्या भारतात आल्या आणि इथल्याच झाल्या. संस्कृत शिकल्या, पुराणे आणि उपनिषदे वाचली, महाराष्ट्राच्या संतांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. स्वातंत्र्यानंतर मेजर जनरल हिरालाल अटल यांनी नव्या शौर्यपदकाच्या रचनेचे काम त्यांच्यावर सोपवले.

एवढे वाचलेल्या माणसाला त्या चकतीवर काय काय कोरता आले असते! त्यांनी वज्र निवडले. दधीची ऋषींनी देह ठेवून आपली हाडे दिली आणि त्यांतून इंद्राचे वज्र घडले, ही कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. ज्याने स्वतःला देऊन टाकले त्याच्यासाठी याहून नेमके चिन्ह कोणते? ते घेतल्यावर बाकीचे सारे त्यांनी सोडले. २६ जानेवारी १९५० रोजी हे पदक अस्तित्वात आले आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांना लागू झाले. पहिले परमवीर चक्र बडगामच्या लढाईत कामी आलेल्या मेजर सोमनाथ शर्मा यांना मरणोत्तर मिळाले. ते नात्याने सावित्रीबाईंच्या मुलीचे दीर. आजवर हा मान एकवीस जणांना मिळाला आहे आणि त्यांतले चौदा तो घ्यायला जिवंत नव्हते. ती फीत कोणाच्या तरी आईच्या किंवा पत्नीच्या हातात पडते. तिथे वेलबुट्टीला काय जागा?

मी वेलबुट्टी खोडली आणि सोनेरी रंगावर तपकिरी हात फिरवला. फलक पाहून कोणी 'वा' म्हटले नाही. पण नववीची दोन मुले पुढ्यात थांबून चार वज्रे मोजताना मी पाहिली.

इथे कोणी विचारेल, मग कला फक्त उपयोगासाठीच का? युद्ध, पदक, नकाशा एवढ्यापुरतीच? तसे मला वाटत नाही, आणि याचे कारण माझी आजी आहे. तिला वाचता येत नाही. माझी पत्रे आई तिला वाचून दाखवते. 'मी मजेत आहे, जेवण चांगले आहे', हे ठरलेले मजकूर. मागच्या हिवाळ्यात पत्राबरोबर मी माझ्या पलंगाचे चित्र पाठवले. घडी केलेली रजई, पलंगाखाली ट्रंक, खुंटीला कोट, खिडकीतून दिसणारा बर्फाचा डोंगर. काही सजवले नाही, होते तसे काढले. रविवारी फोनवर आजी म्हणाली, "एकच रजई देतात होय रे? आणि उशाशी खिडकी! पलंग सरकवून घे जरा." चार वर्षांत तिने प्रथमच मी कुठे झोपतो ते पाहिले होते. त्या चित्राने कुठला डबा सापडला नाही की कुठली लढाई जिंकली गेली नाही. दीड हजार किलोमीटरवर बसलेली आजी माझ्या उशाशी येऊन गेली, एवढेच झाले.

म्हणून आज कोणी विचारले तर मी असे सांगेन. कलावंत असणे म्हणजे तीन गोष्टी. आधी समोरचे आहे तसे, कंटाळा येईपर्यंत आणि त्यानंतरही बघणे. मग त्यातले नेमके तेवढे घेऊन बाकीचे, कितीही आवडले तरी, सोडणे. आणि हे सगळे ज्याच्या हातात जाणार आहे त्याला दिसावे म्हणून करणे. हाताचा सराव लागतोच. बिगुल वाजवणाऱ्या मुलालाही रोज ओठ झिजवावे लागतात. पण सराव नोकरासारखा असतो, त्याला मालक करून चालत नाही. आपल्याकडे पूर्वीपासून चौसष्ट कला मानल्या. त्यांत गाणे आणि चित्र आहे, तसे स्वयंपाक, शिवणकाम आणि सुतारकामही आहे. तेव्हा आमच्या शाळेचे शिंपीकाका, जे नुसत्या नजरेने कोणाचा कोट खांद्यात दोन बोटे सैल आहे ते सांगतात, त्यांनाही माझ्या मते हा शब्द लागू पडतो.

माझ्या बडीलाही लागू पडतो. परवा मी त्याला म्हटले, आपल्या दोघांत खरा आर्टिस्ट तूच. तो दचकून म्हणाला, "मैं? मुझसे तो सीधी लाइन भी नहीं खिंचती!" रेष अजून वाकडीच आहे त्याची, पण त्या दिवशी झाड त्याने जिथे पाहिले तिथेच काढले होते, मोडक्या शेंड्यासकट.

गेल्या रविवारी आउटपास मिळाला तेव्हा मी त्याच टेकडीवर गेलो. रंगपेटी बरोबर होती. धुके होते, शेते होती, शेळ्याही होत्या. पुन्हा एकदा चित्र काढले. या वेळी झाड जिथे होते तिथेच ठेवले.