जुन्या मोटारसायकलची परीक्षा

आयुष्याचीं चौतीस वर्षें मुलांच्या उत्तरपत्रिका तपासण्यांत घालविलेल्या शिक्षकानें मोटारसायकलविषयीं लेखणी उचलावी, हें वाचकांस कदाचित् विचित्र वाटेल. परंतु गेल्या मार्गशीर्षांत आमच्या एकत्र कुटुंबांत हा प्रश्न उपस्थित झाला आणि त्याचा निर्णय माझ्याकडे आला. पुष्कळ घरांतून असाच प्रश्न आज ना उद्यां निघणार, म्हणून आम्ही काय पाहिलें व कसें ठरविलें तें येथें सांगतों.

आमचे वडील बंधु निवर्तल्यापासून वहिनी चिपळूणच्या घरींच राहतात. त्यांचा मुलगा पुण्यास नोकरीनिमित्त आमच्याकडे असतो. दर महिन्यास आईकडे जाऊन यावें, आणि तेंहि स्वतःच्या वाहनानें, अशी त्याची फार इच्छा. दोन वर्षें त्यानें पैसे सांठविले होते; पण नव्या गाडीस ते पुरेनात, म्हणून वापरलेली घ्यावी असें त्याच्या मनानें घेतलें. मार्ग कराड, पाटण आणि कुंभार्ली घाटाचा. वहिनींनीं मला एवढेंच कळविलें, “भावोजी, तुम्ही स्वतः पाहून होकार दिलात तरच त्याला घेऊं द्या.” ही जबाबदारी लहान नव्हती.

त्याला हवी होती ती ‘स्पोर्ट टूरिंग’ जातीची गाडी. शर्यतीच्या गाडीवर स्वार पुढें ओणवा होतो व तासाभरांत मनगटें भरून येतात. संथ प्रवासी गाडीवर आराम असतो, पण घाटाच्या वळणावर ती जड वाटते. या दोहोंमधला मध्यम मार्ग म्हणजे ही जात. बैठक बरीच ताठ, वारा अडविणारें पुढील आवरण, आणि दोन माणसें व सामान ओढण्याइतकें बळ. वायुबोगद्यांत घडविलेलें पूर्ण आवरण घेऊन १९७६ सालीं निघालेली बीएमडब्ल्यू आर १०० आरएस ही या परंपरेतली एक आद्य गाडी होय. आपल्याकडे होंडाची २४९ सीसीची सीबीआर २५० आर २०११ मध्यें आली आणि बजाजची ३७३ सीसीची डॉमिनार डिसेंबर २०१६ मध्यें आली. या दोहोंनीं लांबचा प्रवास पुष्कळ तरुणांच्या आवाक्यांत आणला.

न्यायशास्त्रांत प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशीं चार प्रमाणें सांगितलीं आहेत. विकणाऱ्याचा शब्द हा आप्ताचा शब्द नव्हे. म्हणून प्रत्यक्ष आणि अनुमान यांवरच भिस्त ठेवावी, असें मीं ठरविलें. यंत्राचें ज्ञान मला नाहीं, म्हणून ओळखीचे एक अनुभवी मिस्त्री बरोबर घेतले.

पहिली गाडी पाहतांच चिरंजीव मोहित झाले. लाल रंग आरशासारखा चकाकत होता आणि मीटरवर अवघे अकरा हजार किलोमीटर. मिस्त्रींनीं इंजिनाजवळ हात नेला, तों तें तापलेलें. मालकानें आम्ही येण्यापूर्वींच गाडी सुरू करून ठेवली होती. मिस्त्री मला बाजूस घेऊन म्हणाले, “मास्तर, थंड इंजिन खरें बोलतें. सुरू होतांनाची कुरकुर, आंतला खडखडाट, निळा धूर, सगळें पहिल्या मिनिटांत कळतें.” धुरावरून अग्नीचें अनुमान मीं लहानपणीं पाठ केलें होतें, निळ्या धुरावरून इंजिनांत तेल जळत असल्याचें अनुमान त्या दिवशीं शिकलों.

मग टायर पाहिले. टायरच्या कडेवर चार आंकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढले दोन वर्षाचे. येथें १४१७ होते, म्हणजे टायर २०१७ सालच्या चौदाव्या आठवड्यांत बनलेला. नक्षी भरपूर शिल्लक होती, परंतु रबर कठीण होऊन त्यास बारीक भेगा पडल्या होत्या. ओल्या घाटांत असा टायर पकड सोडतो. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन बोटानें मागें ओढली, तों निम्मा दांता उघडा पडला. दांत्यांचीं टोकेंहि एका बाजूस झुकलेलीं होतीं. ब्रेकच्या चकतीवर तिची किमान जाडी कोरलेली असते. मापून पाहतां चकती त्या मर्यादेस टेकली होती. पाय ठेवण्याचें रबर तर अगदीं गुळगुळीत. अकरा हजारांत एवढी झीज कशी व्हावी? गणिताचें उत्तर बरोबर आणि रीत मात्र कोठेंच नाहीं, अशी उत्तरपत्रिका हातीं आली म्हणजे शिक्षकाला जें कळतें, तेंच मला कळलें.

याहून गंभीर गोष्ट पुढेंच होती. हँडल पूर्ण वळविल्यावर तें सांगाड्याच्या ज्या टेक्याला थडकतें, तो टेका एका बाजूस चेपलेला होता आणि त्यावर नवा रंग फांसला होता. गाडी केव्हांतरी जोरानें आपटली होती. आवरण असलेल्या गाडींत हाच धोका विशेष. प्लास्टिक नवें घातलें कीं आंतली जखम झांकते.

“काका, टायर, चेन, चकती सगळें बदलतां येईल,” पुतण्या काकुळतीनें म्हणाला.

मी म्हणालों, “तेवढें बदलशील बाळ, पण सांगाडाच वाकलेला असला तर काय करशील? आणि मीटर खोटा ठरल्यावर या गृहस्थांची दुसरी कोणती गोष्ट खरी मानूं?”

परततांना तो एक अक्षर बोलला नाहीं. रात्रीं जेवलाहि नीट नाहीं. मलाहि वाईट वाटलें. परंतु वहिनींना होकार द्यावयाचा होता तो मला.

तीन आठवड्यांनीं दुसरी गाडी पाहिली. करडा रंग, टांकीवर ओरखडे आणि मीटरवर अडतीस हजार. चिरंजिवांचें तोंड पडलें. पण मालकानें एक वही पुढें केली. तींत प्रत्येक वेळीं बदललेलें तेल, चेन, कूलंट, ब्रेकचें तेल, सर्व तारीखवार व किलोमीटरवार लिहिलेलें आणि पावत्या टांचलेल्या. इंजिन थंडगार होतें व एका दमांत सुरू झालें. कूलंट स्वच्छ, पुढच्या शॉकच्या दांड्यांवर तेलाचा ओघळ नाहीं, पुढचें चाक उचलून हँडल फिरवितां मधें कोठें अडखळ नाहीं. किल्ली फिरवितांच एबीएसचा दिवा लागला व गाडी चालू लागतांच विझला. हा दिवा मुळींच न लागणें हेंहि वाईट लक्षण समजावें. १२५ सीसीवरील नव्या जातींच्या गाड्यांना एबीएस १ एप्रिल २०१८ पासून आणि आधींपासून बनत असलेल्यांना १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचें झालें. त्यापूर्वींची गाडी घेतांना तें आहे कीं नाहीं, हें विचारून घ्यावें. शेवटीं पुतण्यानें मला मागें बसवून एक फेरी मारली. उभी करतांना त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकतात, हें मीं मुद्दाम पाहिलें; सामान लादलेली गाडी उतारावर सांवरतांना तेंच उपयोगी पडतें.

कागदपत्रांविषयीं थोडें. सांगाड्यावर कोरलेला चासी नंबर व इंजिनचा नंबर आर.सी.शीं ताडून पाहावा. कर्जाचा बोजा असल्यास फॉर्म ३५ व बँकेचा दाखला, परराज्यांतील गाडी असल्यास फॉर्म २८ चें ना-हरकत पत्र, आणि मालकी बदलण्यास फॉर्म २९ व ३० लागतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें राज्यांतल्या राज्यांत विक्री झाल्यास विकणाऱ्यानें चौदा व घेणाऱ्यानें तीस दिवसांच्या आंत कळवावयाचें असतें. विमा आपल्या नांवें करण्यासाठींहि चौदा दिवसांतच अर्ज करावा. थकलेलीं ई-चलानें विकणाऱ्याकडून आधीं भरून घ्यावीं.

सांठविलेले सगळे पैसे किमतींतच घालूं नयेत, ही आणखी एक सूचना. आम्ही कांहीं रक्कम मागें ठेविली होती, तींतून नवे टायर, ब्रेक पॅड आणि चांगलें शिरस्त्राण घेतलें. चकाकणाऱ्या गाडीनें हे पैसे आधींच गिळले असते.

पहिल्या खेपेस तो पहांटे निघाला. मी वर्तमानपत्र हातीं घेऊन बसलों, पण एक ओळहि वाचली नाहीं. दुपारीं वहिनींचा फोन आला, “पोहोंचला हो भावोजी. हातपाय धुऊन जेवायला बसलाय.”

घरांतील वडीलधाऱ्यांस माझें सांगणें इतकेंच. मुलांनीं अशी गाडी मागितली म्हणजे नुसतें ‘नको’ म्हणूं नये, आणि नुसतें ‘घे’ असेंहि म्हणूं नये. एक रविवार मोडून त्यांच्याबरोबर जावें. जुनी गाडी घेतांना आपण तिच्या पूर्वीच्या मालकाच्या संवयी विकत घेत असतों; आणि माणसाच्या संवयी ओळखण्याचें काम वडिलांना मुलांपेक्षां अधिक साधतें.