मुलांच्या भेटवस्तू : मायेला वेळीच दिशा हवी

चवथ जवळ आली की गोव्यातील घरे भरू लागतात. आखातातला काका येतो, जहाजावरचा मामा सुट्टी जुळवून आणतो, मुंबईची आत्या आणि लंडनची मावशी महिनोन्‌महिने आधी तिकिटे काढून ठेवतात. माटोळी बांधून होईपर्यंत घरातील चिमुरड्यांभोवती खोक्यांचा ढीग लागलेला असतो. पुढे दिवाळी, नाताळ, गावची जत्रा आणि वाढदिवस आहेतच. घरात मूल एक आणि देणारे दहा, अशी आज अनेक कुटुंबांची स्थिती आहे. त्यामुळे लहान मुलांना काय द्यावे आणि किती द्यावे, याविषयी पालकांनी नातेवाइकांशी आधीच बोलून घेणे आवश्यक झाले आहे.

हे बोलणे सोपे नसते. भेट नाकारणे म्हणजे देणाऱ्याचा अवमान, अशी आपल्याकडे समजूत आहे. वर्षातून एकदा घरी येणाऱ्या मामाला भाच्याशी जवळीक साधण्याचे खेळणे हेच एक साधन वाटते. आजी-आजोबांना आपल्या मुलांसाठी जे करता आले नाही, ते नातवंडांसाठी करायचे असते. या भावना जाणून बहुतेक पालक गप्प राहतात आणि वस्तू घरात आल्यावर धुसफुस सुरू होते. मुलाच्या हातात पडलेली वस्तू काढून घेतली की मूल रडते, देणारा दुखावतो आणि आईबाप कठोर ठरतात. तीच गोष्ट खरेदीपूर्वी सांगितली असती, तर कोणाचेच मन मोडले नसते.

देण्याला रीत असणे आपल्याला परकेही नाही. चवथीला लेकीच्या सासरी जाणाऱ्या ओझ्यात काय असावे, हे रूढीने ठरवून दिले आहे. नारळ, फळे, नेवऱ्या असे जिन्नस ठरलेले असतात आणि आलेला खाऊ शेजारीपाजारी वाटला जातो. त्या रीतीमुळे ओझ्यातील माया उणी झाली, असे कोणी म्हणत नाही. मुलांच्या भेटींनाही अशीच घरगुती रीत लावता येते.

सुरक्षेत तडजोड नको

या रीतीत पहिले स्थान सुरक्षेचे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे; नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. जत्रेच्या फेरीत मिळणाऱ्या स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांवर हे चिन्ह अनेकदा आढळत नाही. परदेशातून आणलेल्या खेळण्यांच्या खोक्यावर ०-३ हे आकडे आणि त्यांवर तिरकी रेघ असलेले वर्तुळ दिसल्यास, ते खेळणे तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही, असा त्याचा अर्थ होतो. मूल कितीही चुणचुणीत असले तरी ही सूचना डावलू नये. तिचा संबंध बुद्धीशी नसून घशात अडकू शकणाऱ्या लहान तुकड्यांशी असतो. सुमारे ३ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत मावणारी कोणतीही वस्तू या वयात धोक्याची समजावी.

चपट्या गोल बॅटऱ्या आणि लहान, शक्तिशाली लोहचुंबक यांविषयी तर स्पष्ट नकार द्यावा. गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतही तेथे गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. एकाहून अधिक चुंबक पोटात गेल्यास ते आतड्याच्या भिंतीतून एकमेकांना खेचतात आणि आतड्याला छिद्र पडू शकते. असे काही गिळल्याची नुसती शंका आली तरी मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. फुटलेल्या फुग्यांचे तुकडेही लगेच उचलून टाकावेत.

थोडके, पण खेळते

दुसरा मुद्दा संख्येचा. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांचा खेळ अभ्यासला. समोर १६ खेळणी असताना मुले एकावरून दुसऱ्यावर जात राहिली. चारच असताना ती एकेका खेळण्याशी अधिक वेळ आणि अधिक प्रकारांनी रमली. एका छोट्या अभ्यासावरून सरसकट निष्कर्ष काढता येत नसला, तरी घरोघरीचा अनुभव याहून फारसा वेगळा नाही. म्हणूनच ‘एका सणाला एका घराकडून एक वस्तू’ हा नियम उपयोगी पडतो. मोठ्या खेळण्यासाठी चार नातेवाइकांनी मिळून वर्गणी काढली, तर आर्थिक ऐपतीची तुलना टळते आणि आजोळ व वडिलांचे घर यांच्यातील अबोल चढाओढही निवते.

तिसरा मुद्दा पडद्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एका वर्षाखालील मुलांना पडद्यासमोर बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तास ही कमाल मर्यादा असावी. टॅब किंवा मोबाईल एकदा भेट म्हणून आला की ती मर्यादा पाळणे पालकांना कठीण जाते. त्यामुळे अशी वस्तू आईवडिलांना विचारल्याशिवाय आणू नये, हे आधीच ठरलेले बरे. ठोकळे, चित्रांची पुस्तके, रंग, चेंडू, भातुकली यांत मूल स्वतः काही घडवते. सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी खेळणी तर गोव्याच्या सीमेपलीकडेच मिळतात. लहानग्यांसाठी त्यांतले मोठे, तुकडे न निघणारे नग निवडावेत.

सांगावे कसे?

नियम सांगताना शब्दांइतकेच सांगणारा कोण, याला महत्त्व असते. मुलाच्या बापाने आपल्या आईवडिलांशी आणि आईने आपल्या माहेरी बोलावे. सुनेने किंवा जावयाने सांगितलेली तीच गोष्ट अनेकदा तक्रार वाटते. नियम तीन-चारच असावेत आणि दोन्ही घरांना सारखेच लागू व्हावेत. ‘काही आणू नका’ हे उत्तर देणाऱ्याला रिकाम्या हाताने परतवते. त्याऐवजी ‘तिला सध्या प्राण्यांची पुस्तके आवडतात’, ‘त्याला पावसाळी बूट हवेत’ असे नेमके सुचवावे. निरोप निघण्याच्या आदल्या दिवशी न धाडता खरेदीपूर्वी पोहोचवावा.

ज्यांना भरघोस द्यायचेच आहे, त्यांच्यासाठी बचतीचा मार्ग आहे. दहा वर्षांखालील मुलीच्या नावे पालकांना टपाल कार्यालयात किंवा बँकेत सुकन्या समृद्धी खाते उघडता येते. त्यात वर्षाला किमान २५० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात. दूरच्या नातेवाइकांनी दिलेली रक्कम पालक तेथे जमा करू शकतात. जवळ असलेल्या आजोबांकडे मागण्यासारखी भेट याहून मोलाची असते : मिरामारवर एक संध्याकाळ, परसातल्या झाडाची ओळख, रोज रात्री एक गोष्ट.

इतके करूनही कोणी नियम मोडून भलेमोठे खोके घेऊन दारात उभा राहील. तेव्हा सर्वांसमोर त्याला टोकू नये. वस्तू धोक्याची नसेल तर ती मुलाच्या हाताने आनंदाने स्वीकारावी, आभार मानायला लावावे आणि पुढच्या सणापूर्वी एकांतात पुन्हा सांगावे. धोक्याची असेल तर ‘हे आपण थोडा मोठा झाल्यावर उघडूया’ असे म्हणून कपाटात ठेवावी. घेताना कसे वागावे, हेही मूल त्याच क्षणी शिकत असते.